गाण्याखालचा हात

निकमबाई माझ्या घरी पहिल्यांदा आल्या त्या ओळख करून घ्यायला नव्हे, माझा बल्ब बंद करायला. आम्ही सुरतेला डिंडोलीच्या सोसायटीत नुकते राहायला आलो होतो, सामानाची खोकी अजून पॅसेजमध्येच होती. दारात एक उंच, काटकुळी म्हातारी उभी. साधी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात खरखर करणारा ट्रान्झिस्टर. नाव नाही, गाव नाही. नवीन बल्ब कुठल्या खोलीत लावलाय तेवढं विचारलं आणि थेट स्वयंपाकघरात. ट्रान्झिस्टर बल्बजवळ नेला तसा तो गुरगुरायला लागला. बल्ब बंद केला, गप्प. चालू केला, पुन्हा गुरगुर. हा बल्ब भांडकुदळ आहे, असं म्हणून त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं दुसऱ्या बनावटीचा बल्ब आणून लावून गेल्या.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे शेजारीण आली तर आधी चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी करते आणि पाचवीत काय हवंय ते सांगते. त्यामुळे ही बाई एकतर वेडी असावी किंवा फार कामाची असावी, असं मी नवऱ्याला म्हटलं. पुढं दोन्ही खरं निघालं.

इंदुबाई निकम. माहेर अमळनेर, लग्न होऊन सुरतेत आलेल्या. सगळी नोकरी तारघरात, कट्ट-कडकट्ट करण्यात गेली. नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन होता, तो आम्ही यायच्या आधीच वारला होता. मुलगी नाशिकला. या बाई पेन्शन घेऊन इथं एकट्या, आणि गच्चीवरच्या खोलीत त्यांचा रेडिओ. गाण्यांचा नव्हे, बोलायचा. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढलेले हौशी लोक असतात, ते आपापल्या घरून एकमेकांशी बोलतात. त्यांच्यासाठी रेडिओच्या लहरींतले काही पट्टे राखून ठेवलेले असतात. त्यातल्या खालच्या, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यावर निकमबाई सकाळी बोलत. तोंडानं नाही, बोटानं. तारेचीच भाषा, टिंबं आणि रेघा.

गच्चीवरची त्यांची लांबच लांब तार सोसायटीतल्या सगळ्यांना कपडे वाळत घालायची वाटायची. एकदा कुणीतरी खरंच तिच्यावर परकर वाळत घातला होता. निकमबाईंनी तो घडी करून घरपोच केला आणि वर सांगितलं की तुमचा परकर अर्ध्या खानदेशानं ऐकला. उत्तरायणात, म्हणजे आपल्या संक्रांतीला, तर त्यांच्या गच्चीवर हमखास पतंग अडकायचे. दुसरं कुणी असतं तर मांजा तोडून मोकळं झालं असतं. या मात्र चष्मा लावून एकेक गाठ सोडवत बसायच्या आणि संध्याकाळी पतंग ज्याचा त्याला परत. ओढाताण केली की माझी तार खाली येते, एवढंच त्यांचं म्हणणं. पण चांगल्या पतंगाची त्या तारीफही करत, ते मी ऐकलंय.

त्यांची बोटं कधी स्वस्थ नसत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचे प्रमुख जयेशभाई बोलायला उभे राहिले की पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करून गाडी गांधीनगरपर्यंत नेत. तेवढा वेळ निकमबाई मांडीवरच्या स्टीलच्या ग्लासवर नखानं आणि बोटाच्या पेरानं काहीतरी वाजवत असत. जयेशभाईंना वाटे, मावशी ताल धरतात, आणि ते आणखी रंगात येत. मी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या की काही नाही, आटप रे बाबा, आटप रे बाबा, एवढंच. त्यानंतर जयेशभाई बोलायला लागले की मला पदर तोंडात कोंबून बसावं लागे.

मी शिक्षिका, माझी शाळा दुपारची. सकाळी डबे भरून झाले की मला थोडा निवांतपणा असे, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते पाहायची सवय माझ्या हाडातच आहे. मी वर जायला लागले. खोलीत एक टेबल, त्यावर करड्या रंगाचा सेट, त्याच्या शेजारी पितळी कळ आणि समोर खिडकी. दाराबाहेर, गच्चीवरच्या पत्र्याखाली, निकमकाकांनी स्वतः पाइप जोडून केलेला लोखंडी झोपाळा. सुरतेत झोपाळा नसलेलं घर शोधून सापडायचं नाही, आणि त्यावर बसू न देणारं घर तर नाहीच. पण हा झोपाळा त्याला अपवाद होता. मी पहिल्याच दिवशी बसायला गेले तर निकमबाई म्हणाल्या, तिथं नको, आत खुर्ची आहे. काका गेल्यापासून त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. मीही पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

बोलायची वेळ सकाळी सातची. सातच का, तर मागच्या गल्लीत एम्ब्रॉयडरीची खाती, म्हणजे छोटे कारखाने आहेत, आणि नवागामकडं बघावं तिकडं लूम. ही यंत्रं रेडिओत नुसती आग ओततात. पण सातला रात्रपाळी सुटते आणि दिवसपाळी लागते, त्या मधल्या वेळात कारागीर चहाला जातात आणि यंत्रं थांबतात. त्या फटीत निकमबाईंनी आपला संसार मांडला होता. सातच्या सुमाराला आमची गल्ली एकदम गप्प होते हे मी तिथं राहूनही कधी ध्यानात घेतलं नव्हतं. त्यांच्यामुळं मला ते ऐकू यायला लागलं.

आणि त्या फटीत पलीकडं असायचे नाना, त्यांचे थोरले भाऊ. अमळनेरला राहायचे, रेल्वेत तारमास्तर होते. लहानपणी भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून पितळी भांड्यावर त्यांनीच बहिणीला टिंबं-रेघा शिकवल्या. म्हातारपणी नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला, कायमचा. फोनवर बोलायचा प्रश्नच मिटला. तेव्हा निकमबाईंनी अमळनेरला जाऊन भावाच्या घरावर तार बांधून दिली, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परीक्षेला बसवलं आणि कळ त्याच्या हातात दिली.

मी अगदी साधा प्रश्न विचारला होता, की हल्ली तर व्हॉट्सॲप आहे, नाना लिहून पाठवू शकतात की. त्यावर त्यांनी मला कानाला लावायचा हेडफोन दिला. टिट-टिट, टाऽ-टिट, असं काहीतरी चाललं होतं, आणि एका जागी शेवटची रेघ लांबली. नुसती लांबली नाही, ओढली गेली. पुन्हा थोड्या वेळानं तशीच.

"हे इंदू," बाई म्हणाल्या. "शेतातनं मला हाक मारायचा ना, इंदूऽऽ, ती हाक आहे ही. तारघरात असा हात चालला असता तर साहेबानं दंड केला असता. पण त्याचा हात असाच. फोनवर तो लिहितो तेव्हा नाव येतं गं, हाक येत नाही."

तारवाले एकमेकांना हातावरून ओळखतात हे मला तेव्हा कळलं. कुणाचा हात घाईचा, कुणाचा अडखळता. निकमबाईंचा स्वतःचा हात एकदम कापलेला, कडक, एक टिंब जास्त नाही की एक रेघ लांब नाही. त्यांचं शेवटचं रोजचं एकच, "नाना", की झालं, कळ सोडली, हात पदराला पुसला. मला त्या भाषेतलं काही आलं नाही ते नाहीच. पण त्यांचं इंदू आणि यांचं नाना, हे दोन शब्द ऐकून ऐकून पाठ झाले. आणि मग माझ्या लक्षात आलं की सुरतेत त्या सगळ्यांच्या निकमबाई, निकममावशी, निकमबेन. इंदू म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला आवाज नव्हता.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय त्या वर्षी नानांच्या हाकेवर गाणं चढलं. आधी दूर कुठंतरी कुजबुजल्यासारखं, मग हळूहळू मोठं. नानांची टिंबं सुरू झाली की त्यांच्या बोकांडी कुणीतरी सिनेमातलं प्रेमगीत गाई, आणि ते संपलं की साड्यांच्या सेलची जाहिरात. हे पट्टे हौशी लोकांचे, तिथं धंदेवाईक केंद्रानं पाऊल टाकायचं नसतं, पण टाकतात, असं निकमबाई सांगत. कधी परदेशातली बलाढ्य केंद्रं येऊन बसतात, कधी जवळच्याच एखाद्या केंद्राचं भूत, म्हणजे त्यांची लहर असते तिथं असतेच, शिवाय तिच्या दुपटी-चौपटीतही दिसायला लागते. शहराबाहेर बारडोलीच्या रस्त्याला गाणी-जाहिरातींचं एक मोठं केंद्र आहे. गाणं तिथलंच, यात शंका नव्हती. आपल्या साध्या रेडिओवर तेच गाणं त्याच वेळी लागलेलं असे.

मग सुरू झाले अर्ज. दिल्लीपर्यंत गेले. उत्तरं आली, गोड गोड. निकमबाई नाकावर माशी बसू न देणाऱ्या, त्यांनी रिक्षा केली आणि मला बरोबर घेऊन थेट केंद्र गाठलं. तिथले इंजिनिअर देसाईसाहेब मोठे अगत्यशील. "बहेन, बेसो, चा पीओ," म्हणून बसवलं, मग आत नेऊन यंत्राचा पडदा दाखवला, त्यावर लहरींची रेघ. आमचं सगळं चोख आहे, दुपटीत काही नाही, चौपटीत काही नाही, तुम्हीच बघा. निकमबाईंनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, चहा फार चांगला होता, म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत.

मी हसले खरी, पण त्या हसल्या नाहीत. नानांचा हात आधीच अशक्त होत चालला होता. अक्षरं कशीबशी कळत, पण ती लांब रेघ गाण्याच्या सुरात विरघळून जाई. बाई डोळे मिटून, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसत, आणि शेवटी विचारत, ऐकलंस का गं? मला ऐकू आलेलं नसायचं. त्यांनाही नसायचं.

आषाढात भाच्याचा फोन आला. नाना सेट काढून ठेवा म्हणतात. चारदा वाजवलं की इंदूला एकदा कळतं, मग कशाला तिच्या जिवाला त्रास. सेट बंद करायचं मनात घेतल्यापासून धड जेवतही नाहीत. पाटीवर लिहून दाखवायचे तेही सोडलंय. निकमबाईंनी त्याला बजावलं की तार उतरवायची नाही, श्रावण होईपर्यंत नानांना रोज सातला कळेवर बसवा, मी इथली भानगड निस्तरते. फोन ठेवला आणि त्या कितीतरी वेळ कळेवर बोट ठेवून बसल्या, दाबली नाही. मला त्यांच्याकडं बघवेना. मी खाली येऊन उगाच कपाट आवरत बसले.

श्रावणातला सोमवार. मला उपास. रिकाम्या पोटी, हातात साबुदाण्याची वाटी घेऊन मी जिना चढले आणि वरच्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी आली. समोर झोपाळा दिसला, धपकन बसले. कड्या करकरल्या. निकमबाईंनी आतून मान वळवली, तोंड उघडलं, तिथं नको म्हणणार एवढ्यात आतल्या लाउडस्पीकरवरचं गाणं थांबलं.

मी ओशाळून उठले. गाणं सुरू. त्यांनी हात वर केला, मी पुन्हा टेकले. गाणं बंद. एखादा नळ सोडावा आणि फिरवून बंद करावा तसं. आणि मागं, स्वच्छ, खोल विहिरीतून आल्यासारखी नानांची टिंबं. निकमबाई माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलायच्या, अहिराणी फक्त भावाशी. त्या दिवशी त्यांचं ते भान सुटलं.

"बठी ऱ्हाय, माय," त्या म्हणाल्या. "हालू नको."

मी बसले. वाटी मांडीवर, श्वास रोखून. आतून लाउडस्पीकरवर आलं, दोन टिंबं, मग बाकीचं, मग ती रेघ. लांबली, लांबली, आणि संपली. निकमबाई रडत होत्या आणि रडता रडता कळ वाजवत होत्या, आणि एवढं असून त्यांचं नाना तसंच कापलेलं, कडक.

नंतर त्यांनी झोपाळ्याच्या कड्या भिंग लावून पाहिल्या. तारेचं एक टोक काकांनीच झोपाळ्याच्या पाइपाला बांधलेलं होतं. कड्या-साखळ्या गंजून लाल झालेल्या. लोखंडाला लोखंड नीट टेकत नाही, मधे गंजाचा पापुद्रा, असा सांधा जवळच्या जबर केंद्राचं गाणं गिळतो आणि मोडून-तोडून भलत्याच जागी ओकतो. कुणी बसलं की वजनानं कड्या घट्ट भिडतात आणि ओकणं थांबतं. काका होते तोवर झोपाळा रोज संध्याकाळी झुलत होता, आणि दर दसऱ्याला काका अवजारांबरोबर कड्याही घासून तेल पाजायचे. ते गेल्यावर निकमबाई दसऱ्याला कळेची पूजा करायच्या, सेटला फूल वाहायच्या, झोपाळ्याला मात्र हात लावायच्या नाहीत, त्यांनी ठेवला तसाच राहू दे म्हणून. जो झोपाळा त्यांनी नवऱ्यासाठी जपला तो भावाची हाक खात होता.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," एवढंच बोलल्या.

आणि दुसऱ्या दिवशी, माझ्या मनात नसताना मला घेऊन पुन्हा त्या केंद्रावर गेल्या. घारीचा, म्हणजे सुरती मिठाईचा, खोका देसाईसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की चूक आमच्या घरची होती, तुमचा चहा खरा होता. देसाईसाहेबांना घारीपेक्षा झोपाळ्यात जास्त रस. रविवारी आले, बसले, उठले, बसले, उठले, लहान पोरासारखे. त्यांचंच केंद्र त्यांच्याच बुडाखाली बंद होत होतं. जाताना म्हणाले की कड्या घासून तेल घाला, प्रश्न कायमचा मिटेल.

निकमबाई म्हणाल्या, दसऱ्याला घालीन, त्या आधी नाही. त्यांच्या हिशेबी तेल दसऱ्याचंच. तोवर काय? तोवर मी. रोज सकाळी सातला मी जाऊन झोपाळ्यावर न हलता बसायचे. माझ्या वजनावरून घरात इतकी वर्षं टोमणे खाल्ले, ते पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं. नाना पुन्हा जेवायला लागले. पाटीवर त्यांनी सुनेला लिहून दाखवलं म्हणे, की इंदूच्या गच्चीवर एक बाई बसली की मला माझी बहीण भेटते. नानांना मी कधी पाहिलं नाही, पण ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी नवी साडी नेसून बसायला गेले होते.

भाद्रपदाच्या मध्यावर नाना गेले. झोपेतच. आदल्या सकाळी त्यांची हाक आली होती, नेहमीसारखीच लांब.

निकमबाई अमळनेरला दिवस करून परत आल्या. पुढं दसऱ्याला त्यांनी कड्या घासल्या, तेल घातलं, आणि वर्षभरात मुलीकडं नाशिकला गेल्या. पण मला त्या आठवतात त्या अमळनेरहून परतल्यावरच्या पहिल्या सकाळच्या. सात वाजत आले तशी मी वर गेले, कुणी सांगितलं नव्हतं, पायच गेले. जाऊन झोपाळ्यावर बसले. मागच्या गल्लीतली यंत्रं थांबली. निकमबाईंनी सेट लावला आणि काटा नानांच्या लहरीवर आणून ठेवला. तिथं काहीच नव्हतं. गाणं नाही, टिंब नाही, नुसती बारीक सळसळ. आम्ही दोघी ती ऐकत राहिलो. इतकी वर्षं त्या ज्या शांततेसाठी भांडल्या ती शांतता खोलीत बसली होती, आणि ती सोसवत नव्हती.

"ऊठ, माय, आते," त्या म्हणाल्या. "वाजू दे तेले."

मी उठले. कड्या सैल झाल्या आणि गाणं आलं. कुणीतरी कुणावर तरी जीव ओवाळून टाकत होतं. मग साड्यांचा सेल, एकावर एक फुकट. निकमबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं कळ पुसली आणि त्या गाण्यावर वाजवायला लागल्या. ते मला ओळखता येत होतं. नाना. पण शेवटच्या रेघेला त्यांचं बोट उठलंच नाही. ते कळेवर दाबलेलं राहिलं, सूर लांबत गेला, जाहिरात संपली, दुसरं गाणं लागलं, मागच्या गल्लीत दिवसपाळीची यंत्रं सुरू झाली, तरी निकमबाई कळ सोडत नव्हत्या.